परखड नावाचा भला माणूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, जिच्याजवळ सगळं ओकते त्या धाकट्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगायचं ठरवलं अन् सकाळपासून दोनदा चहा ठेवला, एकदा धुतलेलीच भांडी परत धुतली — यावरून ओळखा. तशी मी फटकळ बाई. सगळी कळमनुरी मला त्यासाठी ओळखते. पण फटकळ माणूस खरं बोलतोच, असं कुणी सांगितलं? फटकळपणाच्या आड लई काही झाकता येतं.

कुठून सुरू करू? क्लासपासून करते.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. बसस्टँडच्या मागं मी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. प्लायवुडची खोकी करून आत मशिनी मांडलेल्या, वर इन्व्हर्टर, कारण लोडशेडिंगचा काही भरवसा नाही. सकाळ-संध्याकाळ पोरं यायची. निकाल बघायला, अर्ज भरायला, अन् आणखी काय बघायला ते मी विचारत नव्हते. दुपारी मात्र दारावर पाटी लागायची — ‘फक्त महिलांसाठी’. त्या पाटीचा मला केवढा तोरा! रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून ती वाचायच्या अन् पदर सावरून पुढं जायच्या. आत येणाऱ्या थोड्याच. त्यात एक शेवंता.

शेवंता तांड्यावरची. इथून जीपनं अर्धा तास. तांडा अन् शेजारचं गाव मिळून एकच ग्रामपंचायत, अन् तिचा नवरा तांड्याकडून मेंबर. ती स्वतः सातवी शिकलेली, बचत गटाची सचिव. बाजारच्या दिवशी यायची. मेथी-मिरच्यांची पिशवी दारात ठेवायची, हात पदराला पुसायची, मग की-बोर्डपुढं बसायची. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटतं, हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा खुदकन हसली. म्हणाली, ‘ताई, हे तर आपलं ऐकून राहिलं की!’

तिची एक गंमत होती. तेव्हा ती मला गंमतच वाटायची. नवऱ्याचं नाव फुलसिंग, अन् ते तिच्या तोंडून कधी निघायचं नाही. ‘सविताचे बाबा’ म्हणायची. सविता म्हणजे तिची लेक. आता नवऱ्याचं नाव न घेणं आमच्याकडं नवं नाही, माझी आई आजही घेत नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. पण शेवंता फूल हा साधा शब्दसुद्धा तोंडात येऊ द्यायची नाही. बाजारात हारवालीपुढं उभी राहून म्हणायची, ‘देवाला वाहायचं द्या.’ हारवाली नारळ पुढं करायची. मी पोट धरून हसायचे. एकदा टायपिंगच्या सरावाला तिला म्हणाले, अगं, घरातल्या सगळ्यांची नावं टाईप कर. तिनं सगळ्यांची केली, त्याचं सोडून. मी चिडवलं — बोटानं लिहिलेलं कुठं मोजतात, कर की! तर म्हणते, ‘बोटं काय दुसऱ्याची हायती व्हय, ताई?’

हे ध्यानात ठेवा. मीही ठेवलं होतं. तेच तर.

तेव्हा आजच्यासारखं खिशातल्या मोबाइलवर जग आलेलं नव्हतं. एक संकेतस्थळ होतं, त्यावर जो तो आपलं खातं काढायचा, अन् गावागावाच्या नावानं गप्पांची मंडळं निघायची. आमच्या जिल्ह्याचंही होतं. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं, नांदेडला शिकणारी, इथले दुकानदार, दोन-तीन मास्तर. सगळे बाप्ये. झेडपीपासून दिल्लीपर्यंत सगळ्यावर बोलायचे.

मला राजकारणाची लहानपणापासून खोड. नव्वदच्या दशकात हिंगोलीच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. एकदा वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले. दोन वाक्यं झाली असतील, मागून पोरांनी बांगड्या वाजवल्याचा आवाज काढायला सुरुवात केली. मी खाली उतरले ते उतरलेच. परत काही स्टेजवर गेले नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाही. घडलं म्हणून सांगते.

तर त्या मंडळावर मी आधी माझ्याच नावानं लिहिलं. सही बाई सरपंचाची अन् खुर्ची नवऱ्याची, ही थट्टा किती दिवस चालायची — असं काहीतरी. तासाभरात उत्तरं आली. ‘हाय डिअर.’ ‘फोटो टाका ना.’ ‘लग्न झालंय का?’ ‘वहिनी, भाकरी करपली बघा चुलीवर.’ अन् बाकीचं जे आलं ते मी इथं लिहिणार नाही. मी खातं पुसलं. आठ दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग मी दुसरं खातं काढलं. नाव ठेवलं परखड. चित्राच्या जागी एका मिशाळ माणसाची सावली. अन् तेच वाक्य, जसंच्या तसं, परत लिहिलं. काय सांगू तुम्हाला! ‘वा भाऊ.’ ‘परखडसाहेब, बराबर बोललात.’ एका मास्तरांनी तर लिहिलं, अशा अभ्यासू माणसांची जिल्ह्याला गरज आहे. मी खोक्यात बसून तोंडावर हात धरून हसले. अन् मग ते गोड लागायला लागलं. घरी मला कोण विचारत होतं? नवरा म्हणायचा, तुझा क्लास अन् तू. इथं मात्र भांडण पेटलं की लोक म्हणायचे, थांबा, परखडभाऊ काय म्हणतात बघू.

शेवंताला ते मंडळ मीच दाखवलं. परखड कोण हे नाही सांगितलं — काहून नाही सांगितलं, ठाऊक नाही. लाज म्हणा, नाहीतर तिच्याकडूनही परखडची तारीफ ऐकायची होती म्हणा. दुसरंच खरं असावं. ती वाचता वाचता म्हणायची, ‘ह्यो एकटा माणूस नीट बोलतो बघा, ताई. एवढ्या बाप्यांत एक तरी भला हाय.’ अन् मी म्हणायचे, हो ना.

एके दिवशी तिनं स्वतःचं खातं काढलं. नाव घेतलं ‘चुलीपुढची’. अन् लिहिलं. मला वाचून दाखवलं, मी एक काना-मात्राही बदलला नाही, इतकं नेटकं होतं. गावात पाण्याची टाकी झाली होती अन् नळाचा पाइप तांड्यापर्यंत यायचा होता. तो गावाच्या कडेला, उपसरपंचाच्या गोठ्यापाशी थांबला. तांड्याच्या बाया त्याच गोठ्यापुढून घागरी घेऊन विहिरीवर जायच्या. तिनं बैठकीत कोण काय बोललं ते एकेकाचं नाव घेऊन लिहिलं होतं. उपसरपंच दत्तराव म्हणाले, पुढल्या साली बघू. माधवरावानं मान हलवली. बालाजी मेंबर चहा पिऊन राहिला होता. कुणी घड्याळ बघत होतं. शेवटी लिहिलं होतं — ‘गोठ्यातल्या म्हशीला पाणी आलं, तांड्यातल्या लेकराला काहून न्हाई, एवढंच सांगा.’

एवढंच सांगा. तेवढंच कुणी सांगितलं नाही.

पहिलं उत्तर आलं — ही बाई नाहीच, बाईच्या नावानं विरोधी पार्टीचा माणूस लिहून राहिला. दुसरं — बाई असेल तर स्वयंपाक कोण करतंय? मग तिच्या जातीवरून. मग कुणीतरी मधेच क्रिकेटचा स्कोअर टाकला. एकानं विचारलं, आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात देखणी नटी कोण, अन् त्यावर दोन दिवस धुराळा. ती पुन्हा लिहायची, पाण्याचं काय? पुन्हा तेच. भाकरी, नटी, स्कोअर, अन् — कोण आहे ही? सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा गावकारभाऱ्यांचा. पाण्याचा प्रश्न आपसूक बुडाला, उरला फक्त बाईचा शोध.

परखडनं तिची बाजू घेतली. हे खरं आहे, सुरुवातीला घेतली. लिहिलं की प्रश्नाचं उत्तर द्या, बाईची कुंडली कशाला काढता? शेवंतानं ते वाचलं अन् पडद्याला हात जोडले. खरंच जोडले हो. मी शेजारी उभी होते.

आता येतं ते. जरा थांबते.

थांबून काय होणार आहे?

मंडळावर कुणीतरी लिहिलं — परखड अन् चुलीपुढची दोघं दुपारीच उगवतात, हे कुणाच्या ध्यानात आलं का? दुसऱ्यानं लिहिलं, परखडचा बाईसाठी एवढा जीव काहून जळून राहिला? तोच बाई असंल. तिसरा म्हणाला, कळमनुरीत दुपारी बायांसाठी नेट कुठं चालू असतं ते बघा, दोघं एकाच जागी घावतील.

मला लगेच दारावरची पाटी आठवली. उद्या हे लोक क्लासमध्ये येतील, सासऱ्यांच्या कानावर जाईल, नवरा म्हणेल गडी बनून काय धंदे करत होतीस — ही झाली भीती. पण खाली आणखी एक होतं, अन् ते सांगायला जास्त जड जातंय. राग. शेवंताचा राग. की हिच्यापायी माझा परखड जाणार. ते साहेब-साहेब, ते भाऊ-भाऊ, सगळं हिच्या एका पाइपापायी जाणार.

मी लिहिलं: ‘मंडळी, इकडं तिकडं काय शोधता? डोकं वापरा. बाईनं सगळ्या मेंबरांची नावं घेतली. एकाचंच नाही. आपल्याकडं बाई कुणाचं नाव घेत नसते?’

तीच मी. मी लिहिलं ते.

मला ठाऊक नव्हतं का? होतं. पुढं काय होईल ते कळत नव्हतं का? थोडं कळत होतं, थोडं कळून घ्यायचं नव्हतं. अन् ती त्या वेळी कुठं होती, विचाराल. पलीकडच्या खोक्यात होती. मधे एक प्लायवुड. मी ओळ टाकली तेवढ्यात तिनं हाक मारली, ‘ताई, ज्ञ कसा काढायचा?’ मी उठले, तिच्या खांद्यावरून वाकून ज्ञ काढून दिला अन् परत येऊन बसले.

परत येईतो उत्तरं पडली होती. ‘मानलं परखडभाऊ!’ ‘काय डोकं आहे!’ मला बरं वाटलं. लपवत नाही — बरं वाटलं. ओळ पुसता आली असती. त्या दुपारी दोन-चारदा पुसायला गेलेही. पण दरवेळी खाली नवी वाहवा आलेली असायची.

पुढचं मला शेवंतानंच सांगितलं, महिना-दीड महिन्यानं. तोवर ती आलीच नव्हती. आली तेव्हा हातात पिशवी नव्हती अन् नवरा बाहेर पिंपळाखाली उभा होता. पुण्याहून कुणीतरी गावात फोन केला होता. मेंबरांनी फुलसिंगला बोलावून घेतलं, घरची बाई आवरत नाही अन् मेंबरकी करतो म्हणाले. मग तिला मारुतीच्या पारापुढं उभं केलं. गाव अन् तांडा दोन्ही जमलं होतं. ज्याची ज्याची नावं लिहिली त्याचं त्याचं नाव घेऊन माफी मागायला लावली. तिनं मागितली. दत्तराव, माधवराव, बालाजी — सगळ्यांची. मग कुणीतरी म्हणालं, ‘आता राहिलेलं पण घे. समद्यांचं घेतलं, त्याचं काहून न्हाई?’ लोक हसायला लागले. नवरा खाली मान घालून उभा. त्यानं घे म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

‘घेतलं मी, ताई,’ ती म्हणाली. ‘समद्यांपुढं घेतलं. तवापासून त्याईला नुसतं खोकला जरी आला तरी माझा जीव थाऱ्यावर राहत न्हाई.’

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मलाच कुठं बघावं कळेना.

मग तिनं खुर्ची ओढली अन् माझ्याजवळ बसली. म्हणाली, ‘बाकीच्यांच्या शिव्यांचं मला काई न्हाई. कुत्रं भुकतंच. पर त्यो परखड — त्यो तर भला होता ना? त्यानंच काहून असं केलं असंल? तुमाला ह्यातलं कळतं, ताई. कोण हाय त्यो, शोधून द्या ना.’

त्या वेळी सांगता आलं असतं. तिनं फार तर मुस्कटात मारली असती, अन् ती मला लागायलाच हवी होती. मी काय केलं? मी शोधायचं नाटक केलं. तिच्यादेखत. ही खिडकी उघड, ती बंद कर, चष्मा वर कर, हं हं म्हण. ती पडद्याकडं डोळे लावून बसलेली. शेवटी म्हणाले, लांबचा दिसतो गं. पुण्याचा.

ती पडद्याकडून माझ्याकडं वळली. मग म्हणाली, ‘पुण्याच्या माणसाला आमच्यातलं हे कसं ठाऊक, ताई?’

मी म्हणाले, मूळचा इकडचाच असंल.

‘व्हय,’ म्हणाली, ‘तसंच असंल.’ अन् उठली. बाहेर फुलसिंगनं बिडी विझवली, दोघं जीपकडं गेले. त्यानंतर ती क्लासला आली नाही. चुलीपुढचीचं खातं तसंच पडून राहिलं.

तुम्हाला वाटेल, मग तरी मी परखडला पुरलं असेल. नाही. आणखी वर्षभर चालवला. स्त्रियांच्या सहभागावरही लिहिलं त्यानं, चांगलं लिहिलं, लोकांनी नावाजलं. पुढं सगळे दुसऱ्या संकेतस्थळांवर गेले, मंडळ ओस पडलं, तेव्हा तो आपोआप गेला. मी गेला म्हणते, मारला म्हणत नाही. तेवढी हिंमत मी कधी दाखवलीच नाही.

पाच-सहा वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, शेवंता परत दारात उभी. केस पिकायला लागलेले. सोबत सविता, दहावीची परीक्षा दिलेली, उंचनिंच, बापासारखं नाक. शेवंता लेकीला म्हणाली, ‘ह्याच त्या ताई. ह्याईनंच मला शिकवलं.’ कौतुकानं म्हणाली हो. मला टोचायचं म्हणून नाही. टोचायचं म्हणून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी पोरीला विचारलं, पूर्ण नाव काय बेटा?

पोरीनं तोंड उघडायच्या आधी आईच बोलली. ‘सविता फुलसिंग.’ सरळ. भाजीचा भाव सांगावा तसं. मी बघतच राहिले. तिला ते कळलं असावं. म्हणाली, ‘आता घेते मी. एकदा घ्यायला लावलं, मंग काय राहिलं?’

पाइपाचं विचारलं. अजून गोठ्यापाशीच आहे म्हणाली.

जाताना लेकीला बाहेर पाठवलं अन् माझा हात धरला. म्हणाली, ‘ताई, हिला टायपिंग शिकवा. नोकरीपुरतं शिकवा. पर ते मनातलं लिवायचं अन् समद्यांना दाखवायचं असतं ना, ते तेवढं हिला शिकवू नका. शबूद द्या.’

मी शब्द दिला.

सविता दोन महिने आली. हुशार पोरगी, बोटं आईपेक्षा चपळ. एकदा तिनं विचारलं, बाई, ह्याच्यावर आपल्या मनचं काही लिहिता येतं का, लोकांना वाचायला? डोळे अगदी आईसारखे झाले होते विचारताना. मी म्हणाले, ते आपलं काम नाही. तू पत्राचा नमुना टाईप कर.

तिनं मान खाली घातली अन् नमुना टाईप करायला घेतला. शेवंताला दिलेला तेवढा एक शब्द मी पाळला.